आर्नोकांठचा करवीरकर : दुसरे राजाराम महाराज

पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या मुलास संगमाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. परंतु करवीरच्या एका छत्रपतींची चिता ज्या संगमावर पेटली, तो प्रयाग चिखलीचा नव्हे, तर दूर इटलींतील आर्नो व मुन्योने या नद्यांचा आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ते छत्रपति म्हणजे दुसरे राजाराम महाराज.

यांचा जन्म 1850 सालीं पाटणकर घराण्यांत झाला. मूळचें नांव नागोजीराव. त्यांचे मामा चौथे शिवाजी महाराज 1866 सालीं निपुत्रिक वारले. त्यांनीं या भाच्यास दत्तक घेतलें होतें. अशा रीतीनें ऐन विद्यार्थिदशेंत राजाराम महाराजांवर राज्याचा भार आला. तरीही त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. इंग्रजी भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, पुढें आपली रोजनिशी ते त्याच भाषेंत लिहूं लागले.

पुस्तकांत वाचलेलें जग डोळ्यांनीं पाहावें, ही इच्छा त्यांच्या मनांत उत्पन्न झाली. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याचा तो काळ. गादीवर असलेल्या हिंदु राजानें विलायतेस जाणें ही अपूर्व गोष्ट होती. शिवाय कोल्हापुरास त्या वेळीं आगगाडीही नव्हती. मिरजेहून येथवरचा लोहमार्ग 1891 सालीं सुरू झाला. अशा परिस्थितींत 1870 च्या मे महिन्यांत महाराज निघाले आणि जून महिन्यांत लंडनला पोहोंचले. कॅप्टन वेस्ट हे अधिकारी त्यांच्यासमवेत होते. महाराजांनीं व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, तेथील संस्था पाहिल्या, आणि जें पाहिलें तें लिहून ठेवलें.

परंतु जुलै महिन्यांत फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, आणि सप्टेंबरांत पॅरिसला वेढा पडला. परतीची फ्रान्समधील वाट बंद झाली. तेव्हां बेल्जम, जर्मनी व ऑस्ट्रिया या मार्गानें इटलीकडे जाण्याचें ठरलें. वाटेंत आल्प्स पर्वतांतील इन्सब्रुक येथें महाराज आजारी पडले. तेथून पुढें ब्रेनरची खिंड. तिच्यावरून जाणारा लोहमार्ग 1867 सालींच खुला झाला होता. आपला खंडाळ्याचा घाट चढतांना गाडी किती धापा टाकते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांनीं त्याच्या दुपटीहून अधिक उंची मनांत आणावी. ही खिंड सुमारें साडेचार हजार फूट उंच आहे. त्यापुढें आपेनाइन पर्वत. बोलोन्याहून पिस्तोयास उतरणारा तेथील घाटमार्ग 1864 सालचा. थंडीच्या तोंडावर, दुखण्यानें जर्जर झालेल्या वीस वर्षांच्या तरुणास या प्रवासांत काय सोसावें लागलें असेल, याची कल्पनाच करावी.

फ्लॉरेन्स ही तेव्हां इटलीची राजधानी होती. हें कलासंपन्न नगर पाहण्याचें भाग्य महाराजांस लाभलें नाहीं. 30 नोव्हेंबर 1870 रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. प्रेत जाळण्याची चाल त्या देशांत नव्हती. म्हणून नगराच्या अधिकाऱ्यांकडून मुद्दाम परवानगी मिळवावी लागली. मग कॅशिने उपवनाच्या टोकाशीं, दोन नद्यांच्या संगमावर, आपल्या धर्मविधीप्रमाणें त्यांस अग्नि देण्यांत आला. धर्मानें व भाषेनें परक्या असलेल्या लोकांनीं दुसऱ्याच्या दुःखाचा असा मान राखला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पुढील सालीं रोम ही राजधानी झाली. इकडे कोल्हापुरांत पुन्हा दत्तक घ्यावा लागला, आणि राज्य एका अल्पवयी मुलाच्या नांवें दुसऱ्यांच्या हातीं गेलें. महाराजांची रोजनिशी वेस्टसाहेबांनीं 1872 सालीं लंडनला छापविली. 1874 सालीं संगमावर छत्री उभी राहिली. तिच्याखालील अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. छत्रीचा नकाशा मॅंट यांचा. आपला नवा राजवाडा ज्यांनीं आंखला तेच हे मॅंट! त्या जागेस फ्लॉरेन्सचे लोक इंडियानो म्हणतात, आणि 1978 सालीं पुऱ्या झालेल्या तेथील पुलासही तेंच नांव मिळालें. येथें राजाराम कॉलेज त्यांचें नांव चालवीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, चार वर्षांच्या कारकीर्दींत महाराजांस मोठे पराक्रम करण्यास अवसर मिळाला नाहीं. परंतु शिकण्याची हौस, नवें पाहण्याचें धैर्य आणि पाहिलेलें नियमानें लिहून ठेवण्याची शिस्त हे तीन गुण त्यांच्या ठायीं होते. हे गुण अंगीं बाणविण्यास राजकुळांत जन्म घ्यावा लागत नाहीं. आपल्या शाळेंतील बांकावर बसूनही ते साधतां येतात.