खर्चाची बाजूच लिहिलेली वही

जगातल्या थोर कादंबरीकारांची नावे घ्यायची म्हटली की टॉलस्टॉयचे नाव पहिल्या चारपाचांत येतेच. ‘युद्ध आणि शांती’ कुणी वाचलेली असेल, कुणी नुसती कपाटात मिरवलेली असेल. पण लांब दाढीचा, शेतकऱ्याचा सदरा घातलेला तो म्हातारा आपल्या ओळखीचा असतो. गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतीला त्याचे नाव दिले, त्यामुळे तर तो आपल्याला घरचाच वाटतो. त्याच्या बायकोविषयी मात्र आपल्या कानावर एवढेच आलेले असते, की ती भांडखोर होती आणि तिच्या जाचाला कंटाळून तो वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मध्यरात्री घर सोडून गेला.

मला आज लिहायचे आहे ते या बायकोविषयी. त्याला एक निमित्त आहे. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची औषधे यांत पार पिळून निघालेल्या आयांना हल्ली डॉक्टर आणि समुपदेशक एक सोपा उपाय सुचवतात : रोज रात्री वहीत चार ओळी लिहा, मन हलके होईल. उपाय चांगलाच आहे. पण त्याचे गुण आणि त्याचे पथ्य ज्या एका बाईने जवळजवळ अर्धे शतक स्वतःवर अजमावले, ती म्हणजे सोफिया टॉलस्टॉय. मी उभी नोकरी बँकेत काढली. कोणतीही वही हातात आली की दोन्ही बाजू जुळतात का, हे आधी बघायची सवय काही सुटत नाही. सोफियाच्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद वाचताना मला सारखे जाणवत होते ते हेच : खर्चाची बाजू ओसंडून वाहते आहे आणि जमेच्या बाजूला अगदी तुरळक नोंदी आहेत.

सोफियाचा जन्म १८४४ सालचा. वडील झारच्या दरबारातले डॉक्टर, त्यामुळे घर थेट मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये. तिघी बहिणींतली ही मधली. सतराव्या वर्षी तिने मॉस्को विद्यापीठाची घरी शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठीची परीक्षा दिली होती. लिहिण्याची आवड होती. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात तिने एक दीर्घ कथा लिहिली आणि टॉलस्टॉयला वाचायलाही दिली. लग्न ठरल्यावर मात्र तिने ती जाळून टाकली. अठरा वर्षांच्या मुलीने सासरी जाताना आपले लिखाण चुलीत घालावे, हे आपल्याकडच्या बायकांना काही परके वाटणार नाही.

मागणी घातल्यापासून आठवड्याच्या आत, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ सप्टेंबर १८६२ रोजी, लग्न लागले. नवरा चौतीस वर्षांचा. आपल्यात काही लपवाछपवी नको म्हणून त्याने लग्नाआधीच आपल्या जुन्या रोजनिश्या तिच्या हाती ठेवल्या. त्यांत जुगार होता, बायका होत्या, गावातल्या एका शेतकरी स्त्रीशी असलेले संबंधही होते. हा प्रामाणिकपणा त्याला मोठा वाटला असेल. तिच्या मनावर उठलेला ओरखडा जन्मभर भरून आला नाही. लग्नाला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, तोच तिने स्वतःची वही पुन्हा सुरू केली. यास्नाया पोल्याना या खेड्यातल्या मोठ्या, थंड वाड्यात तिच्याशी मनातले बोलायला दुसरे होते तरी कोण?

त्यानंतरची पंचवीस वर्षे नुसत्या आकड्यांत मांडली तरी छाती दडपते. १८६३ ते १८८८ या काळात तेरा बाळंतपणे. त्यांतली पाच मुले लहानपणीच गेली. १८७३ ते १८७५ या दोन वर्षांत तर तीन तान्ही बाळे एकापाठोपाठ एक गेली, आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’चे लेखन चालू होते ते याच दिवसांत. दिवसभर मुलांचे कपडे शिवायचे, धडे घ्यायचे, आजारपणे काढायची, नोकरमाणसे आणि इस्टेटीचे हिशेब सांभाळायचे. मुले झोपली की नवऱ्याच्या गिचमिड अक्षरातली, खाडाखोडीने भरलेली पाने स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची. सकाळी तो तीच स्वच्छ पाने पुन्हा खोडून ठेवायचा आणि रात्री तिने ती पुन्हा उतरवायची. ‘युद्ध आणि शांती’ अशी पुन्हा पुन्हा तिच्या बोटांखालून गेली. हे काम मात्र तिला मनापासून आवडे. त्या पानांत तिला आपला वाटा दिसे.

आता तिच्या वहीची एक गंमत सांगते. लग्नाला सहा वर्षे झाली असताना, १८६८ साली, तिने आपलीच मागची पाने चाळली आणि तिला हसू आले. वाचणाऱ्याला वाटावे की जगात हिच्याइतकी दुःखी बाई नसेल. प्रत्यक्षात आपण तर सुखात आहोत! मग तिच्या ध्यानात आले की आपण वहीकडे वळतो तेच मुळी भांडण झाल्यावर. ज्या दिवशी मुले खिदळली, नवऱ्याने नवे प्रकरण वाचून दाखवले, बर्फातून घसरगाडीची फेरी झाली, त्या दिवशी वही उघडायला सवड कुठली? जमेची नोंद राहून गेली. खर्च मात्र तारीखवार लिहिला गेला.

तिच्या वहीला आणखी एक वैगुण्य होते. ती वही तिची एकटीची नव्हतीच. नवराबायकोने एकमेकांच्या रोजनिश्या वाचायच्या, असा त्या घरातला रिवाज पडून गेला होता. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तिचे स्तन सुजले, दूध पाजताना जीव जाईल अशा वेदना होऊ लागल्या. डॉक्टरांनी दाई ठेवायला सांगितले. टॉलस्टॉयला ते पटेना. आईने स्वतःच पाजले पाहिजे, यावर तो अडून बसला. तिने आपले दुःख वहीत ओतले. त्याने ते वाचले, त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने तिच्याच वहीत स्वतःच्या हाताने क्षमा मागणारा मजकूर लिहिला. पुढच्या वेळी राग आला तेव्हा तो मजकूर त्यानेच खोडून टाकला. तिने त्या खोडण्याचीही नोंद करून ठेवली.

एवढ्याशा प्रसंगात त्या संसाराची सगळी कथा आली आहे. जी वही दुसऱ्याने वाचायचीच आहे, तिच्यात माणूस मन मोकळे करत नाही, फिर्याद मांडतो. आणि फिर्यादीला उत्तर येते, उत्तराला प्रत्युत्तर येते. दोन रोजनिश्या दोन वकिलांसारख्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

पुढे टॉलस्टॉयच्या मनाने वेगळे वळण घेतले. मालमत्ता हे पाप, पुस्तकांचे पैसे घेणे हे पाप, असे त्याला वाटू लागले. १८८३ साली त्याने इस्टेटीचे मुखत्यारपत्र बायकोच्या नावे करून दिले. पाप तिच्या पदरात टाकून तो मोकळा झाला, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. घरात मुले होती, त्यांच्या शाळा होत्या, लग्नाला आलेल्या मुली होत्या. सोफियाने कंबर कसली. दस्तयेव्हस्कीची विधवा पत्नी आना स्वतः नवऱ्याची पुस्तके छापून विकत असे. सोफिया तिला पीटर्सबर्गला जाऊन भेटली, धंद्याची माहिती करून घेतली आणि टॉलस्टॉयच्या समग्र वाङ्मयाची प्रकाशक झाली. मुद्रिते तपासणे, कागदाचे भाव, विक्रीचा हिशेब, सगळे तिच्याकडे. १८९१ साली एका खंडावर सरकारने बंदी घातली, तेव्हा ती सरळ झार तिसऱ्या अलेक्झांडरला भेटायला गेली आणि परवानगी मिळवून आली. त्या खंडातली कथा होती ‘क्रॉइत्झर सोनाटा’, म्हणजे विवाहसंस्थेवर आणि बायकांवर आग पाखडणारी! लोक त्या कथेत तिचेच घर शोधत होते आणि ती त्याच कथेसाठी झारच्या दारात उभी होती. उत्तरादाखल तिने स्त्रीच्या बाजूने एक कादंबरी लिहिली. ती रशियात छापून यायला १९९४ साल उजाडावे लागले.

सगळ्यांत धाकटा वानेच्का १८९५ च्या फेब्रुवारीत गेला. पुरता सात वर्षांचाही नव्हता. तो गेल्याची नोंद तिने केली आणि वही मिटली. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तिने रोजनिशीला हात लावला नाही. वहीच्या मर्यादा कळायला मला ती कोरी दोन वर्षे पुरेशी वाटतात. काही दुःखे शब्दांत मावत नाहीत. तिथे माणसेच लागतात, औषध लागते, काळ लागतो. तिला त्या काळात संगीताने हात दिला. पन्नाशी उलटलेली ती बाई पियानोचा सराव करत बसे, मैफलींना जाई. त्यावरूनही घरात रुसवेफुगवे झालेच. फोटो काढण्याचा नादही तिला होता. तिने काढलेले हजाराच्या आसपास फोटो आज टॉलस्टॉयच्या चरित्रकारांना उपयोगी पडतात.

शेवटचे भांडण तर वह्यांवरूनच पेटले. टॉलस्टॉयने आपल्या अलीकडच्या रोजनिश्या चेर्तकोव नावाच्या शिष्याकडे ठेवल्या होत्या. आपल्याविषयी त्यांत काय लिहिले आहे आणि उद्या जग आपल्याला काय म्हणेल, या धास्तीने सोफिया सैरभैर झाली. १९१० च्या उन्हाळ्यात रडारड, आदळआपट, आत्महत्येच्या धमक्या झाल्या, आणि अखेर त्या सात वह्या तुला शहरातल्या बँकेत नेऊन ठेवल्या गेल्या. लॉकरमध्ये बायका दागिने ठेवतात, जमिनीचे कागद ठेवतात. पण नवराबायकोच्या भांडणापायी रोजनिश्या बँकेत गेल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही. त्याच उन्हाळ्यात टॉलस्टॉयने फक्त स्वतःसाठी एक छोटी वही सुरू केली आणि ती बुटात लपवली. तिने तीही शोधून काढली. जगाला सत्य शिकवणाऱ्या त्या महापुरुषालाही शेवटी एक खासगी वही लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या ऑक्टोबरात तो घर सोडून गेला. कळताच तिने तळ्यात उडी घेतली. लोकांनी बाहेर काढले. अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनात तो मरणासन्न पडला असताना, अठ्ठेचाळीस वर्षे संसार केलेल्या बायकोला खोलीबाहेर थांबवले गेले. आत सोडले ते त्याची शुद्ध हरपल्यावर. नोव्हेंबरात तो गेला. सोफिया आणखी नऊ वर्षे यास्नाया पोल्यानात राहिली, घर आणि कागदपत्रे जपत राहिली आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये न्यूमोनियाने वारली. तो जंगलात एकटा पुरलेला आहे. ती जवळच्या गावातल्या दफनभूमीत.

तिच्या रोजनिश्या १९२८ पासून छापून येऊ लागल्या आणि वाचणाऱ्यांनी त्यांवरून तिचा निवाडा केला. कजाग, संशयी, पैशाची लोभी. साहजिकच आहे. ज्या वहीत फक्त खर्च लिहिलेला असतो, तिचा मालक कंगालच दिसणार. तेरा बाळंतपणे, हजारो पानांची नक्कल, प्रकाशनाचा व्याप आणि पाच मुलांची मरणे पेलूनही ही बाई पंचाहत्तर वर्षे जगली कशी, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. मला वाटते, त्याचे थोडे उत्तर त्या वहीतच आहे. ज्या घरात तिची म्हणावी अशी खोली नव्हती, वेळ नव्हता, पैसा नव्हता, तिथे ती अर्धा तास स्वतःच्या नावावर काढत होती. इतरांचे लिखाण उतरवून काढणारा हात तेवढ्यापुरता तिच्या मालकीचा होत होता.

वहीच्या गुणाला आता शास्त्राचाही थोडा आधार मिळाला आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घडलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे त्याच्या अभ्यासांत असेही दिसले की नुसते कढ काढणाऱ्यांपेक्षा, लिहितालिहिता असे का झाले याचा उलगडा करत जाणाऱ्यांना आणि चांगल्या भावनांनाही जागा देणाऱ्यांना अधिक लाभ होतो. सोफियाला १८६८ सालीच याची चुणूक लागली होती. तिने ती सवय मात्र बदलली नाही.

म्हणून ज्या आयांना लिहायचे आहे, त्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. दुधाच्या हिशेबाची जुनी वही चालेल, मुलाच्या शाळेच्या वहीची उरलेली पाने चालतील. रोज जमलेच पाहिजे असे नाही. तेही एक कामच होऊन बसायचे. भांडणाच्या रात्री जरूर लिहा, पण त्याच पानावर त्या दिवशीची एखादी जमाही मांडा. पोराने न सांगता ताट उचलले, लोकलमध्ये खिडकी मिळाली, सुनेने चहा पुढे केला, काहीही. महिन्याने मागची पाने वाचा. त्यांत एकच दुःख पुन्हा पुन्हा लिहिलेले दिसले तर ते वहीपुरते ठेवू नका. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी बोला, लागलेच तर डॉक्टरांकडे जा.

घरच्यांनाही एक सांगायचे आहे. आईची वही उशीखाली दिसली तर ती तिथेच राहू द्या. कपाटाच्या, तिजोरीच्या, धान्याच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळण्यात तिचा जन्म जातो. त्या जुडग्यातली एखादी किल्ली तिची एकटीची असली, तर घराचे काही अडत नाही.