डिस्ट्रीब्युटरमागचा माणूस : कोण होता चार्ल्स केटरिंग?

इंजेक्शनचं इंजिन कार्ब्युरेटरवर आणायचं म्हटलं की बऱ्याचदा डिस्ट्रीब्युटरही बदलावा लागतो. कारण आधीचं टायमिंग कॉम्प्युटर सांभाळत असतो. तो काढला की वेगाप्रमाणे स्पार्क पुढेमागे करायला कुणी उरत नाही. मग आतल्या वजनांवर आणि व्हॅक्यूमवर स्वतःच ॲडव्हान्स घेणारा डिस्ट्रीब्युटर शोधायचा. त्यातल्या जुन्या पॉइंटवाल्या पद्धतीला आजही केटरिंग इग्निशन म्हणतात.

हा केटरिंग १८७६ साली अमेरिकेतल्या ओहायोत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. डोळे इतके अधू की कॉलेज सोडावं लागलं. पठ्ठ्या टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्यांच्या टोळीत राबला, परत कॉलेजात गेला आणि १९०४ साली इंजिनियर झाला. दिवसा कॅश रजिस्टरच्या कंपनीत नोकरी, उरलेल्या वेळात मित्राच्या घरामागच्या शेडमध्ये इग्निशनची खटपट. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर आला. हँडल उलटं फिरून हात मोडायची भीती गेली.

पण १९२१ साली त्याच्याच हाताखालच्या टीमनं पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली. इंजिनाचं नॉकिंग थांबलं, विषारी धूर मात्र जगभर पसरला. हेही त्याच्याच खात्यावर.

१९५८ साली केटरिंग गेला, तेव्हा आपली ॲम्बॅसेडर नुकतीच रस्त्यावर आली होती. तिच्या डिस्ट्रीब्युटरमध्येही पॉइंटच होते.