वाहतूक कोंडीचा हिशेब मांडणारे व्हिक्री

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक विल्यम व्हिक्री यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते ८ ऑक्टोबर १९९६ रोजी. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. सन्मान उशिरा आला होता, आणि तो उपभोगण्यास त्यांना जेमतेम तीन दिवस मिळाले. ११ ऑक्टोबरला, एका परिषदेसाठी स्वतः मोटार चालवत निघाले असताना, वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. शहरातील रस्त्यांवर मोटारींची गर्दी का होते आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी चार दशकांहून अधिक काळ केला होता.

व्हिक्री यांचा जन्म २१ जून १९१४ रोजी कॅनडातील व्हिक्टोरिया येथे झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. येल विद्यापीठातून १९३५ मध्ये गणिताची पदवी घेतल्यावर ते कोलंबियात अर्थशास्त्राकडे वळले. क्वेकर पंथाच्या विचारांनुसार त्यांनी दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. त्या काळात त्यांच्या वाट्याला आलेल्या नागरी कामांत प्वेर्तो रिकोसाठी वारसा कराची रचना करण्याचे कामही होते. १९४६ पासून ते कोलंबियात शिकवू लागले आणि अखेरपर्यंत तेथेच रमले. उपनगरातून रेल्वेने यायचे आणि स्थानकापासून विद्यापीठापर्यंत रोलर स्केट्सवरून जायचे, हा त्यांचा परिपाठ सहकाऱ्यांत प्रसिद्ध होता. चर्चासत्रात त्यांचा डोळा लागलेला दिसे. पण जागे होताच ते वक्त्याला नेमका अडचणीचा प्रश्न विचारत.

शहराच्या वाहतुकीशी त्यांचा गंभीर संबंध आला तो १९५१ च्या सुमारास. न्यूयॉर्कच्या महापौरांनी नेमलेल्या समितीसाठी त्यांनी भुयारी रेल्वेच्या भाड्याचा अभ्यास केला. कोणत्याही वेळी, कितीही अंतरासाठी एकच भाडे ही पद्धत त्यांना चुकीची वाटली. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आणि गर्दीच्या टप्प्यात भाडे अधिक असावे, इतर वेळी ते कमी असावे, अशी शिफारस त्यांनी केली. मतदारांना दुखावण्याची भीती असलेल्या लोकप्रतिनिधींनी ती बाजूला ठेवली.

रेल्वेला लावलेला हाच न्याय त्यांनी पुढे रस्त्यांना लावला. भरलेल्या रस्त्यावर आणखी एक मोटार आली की तिचा चालक स्वतःचा वेळ तर घालवतोच, शिवाय मागच्या प्रत्येकाला थोडा थोडा उशीर करतो. स्वतःचा वेळ त्याला दिसतो. इतरांचे नुकसान मात्र त्याच्या हिशेबात येत नाही. १९५९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन शहरासाठी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे एक योजना मांडली. प्रत्येक मोटारीला इलेक्ट्रॉनिक ओळख द्यायची, ठिकठिकाणच्या यंत्रांनी तिची नोंद घ्यायची, आणि टेलिफोनच्या बिलाप्रमाणे महिन्याचे बिल मालकाला पाठवायचे. हे शक्य आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मोटारीवर रेडिओ प्रेषक बसवून घराच्या आवारात तिच्या ये-जा करण्याच्या नोंदीही घेतल्या. तरीही योजना कागदावरच राहिली.

त्यांचा वाहतुकीवरील सर्वात प्रभावी लेख १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांडलेले गणित आज ‘बॉटलनेक मॉडेल’ म्हणून ओळखले जाते. समजा, एका पुलावरून तासाला सहा हजार मोटारी जाऊ शकतात आणि बारा हजार चालकांना बरोबर नऊ वाजता कचेरीत पोहोचायचे आहे. सर्वांना पूल ओलांडायला दोन तास लागणारच. म्हणजे कोणी आठच्या आधी पोहोचून ताटकळणार, कोणी नऊनंतर पोहोचून उशिराचा दंड सोसणार. बरोबर नऊला पोहोचणाऱ्याला मात्र सर्वात लांब रांगेत उभे राहावे लागणार. प्रत्येकाचा तोटा जवळपास सारखाच. फक्त कोणी तो गैरसोयीच्या वेळेत मोजतो, कोणी रांगेत.

आता रांगेऐवजी पथकर लावला तर? पहिल्या मोटारीला शून्य, नऊच्या बेतात सर्वाधिक आणि पुढे पुन्हा उतरत जाणारा. दर नेमका ठरवला, तर रांगच उरत नाही. मोटारी पूर्वीच्याच वेळी पूल ओलांडतात, फक्त घरातून उशिरा निघतात. रांगेत वाया जाणारा वेळ कोणालाच मिळत नव्हता; आता त्याच्याऐवजी आलेला पैसा शहराच्या तिजोरीत जमा होतो. पूल दुप्पट रुंद केला तर काय होते, हेही या गणितातून कळते. अनेकजण आपली वेळ नऊच्या अधिक जवळ आणतात. रांग आखूड होते, पण नाहीशी होत नाही.

नगररचनाकारांसाठी या लेखाचे महत्त्व वेगळे होते. त्या काळची वाहतूक प्रारूपे लोक कोठून कोठे जातात, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रस्त्याने, याचा अंदाज बांधत आणि गर्दीच्या तासाची सरासरी वर्दळ काढत. माणूस घरातून केव्हा निघतो, हेही तो स्वतः ठरवतो आणि रांग पाहून बदलतो, ही गोष्ट त्यात जवळजवळ नव्हती. ती व्हिक्री यांनी आणली. ‘मेट्रोपोलिस’ हे सॉफ्टवेअर त्यांच्या प्रारूपावरच उभे आहे, आणि झुरिक व बर्लिन येथे विकसित झालेल्या ‘मॅटसिम’मधील काल्पनिक प्रवासी लवकर-उशिराचा तोटा याच पद्धतीने मोजतात.

नोबेल मात्र त्यांना यासाठी मिळाले नाही. अपुरी माहिती असताना लोक कसे निर्णय घेतात, याच्या सिद्धांतासाठी ते जेम्स मिरलीस यांच्यासह देण्यात आले. त्यामागे लिलावांवरचा व्हिक्री यांचा १९६१ मधील लेख होता. मानवी कल्याणाच्या दृष्टीने त्या लेखाला आपण फारसे महत्त्व देत नाही, असे ते मोकळेपणाने सांगत.

त्यांच्या हयातीत हा विचार पहिल्यांदा प्रत्यक्षात आला तो सिंगापूरमध्ये. १९७५ मध्ये तेथे शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी परवान्याचे कागद विकले जाऊ लागले. १९९८ पासून वेळेनुसार बदलणारा इलेक्ट्रॉनिक पथकर आला. लंडनने २००३ मध्ये दिवसाला पाच पौंडांचे शुल्क सुरू केले. स्टॉकहोमने २००६ मध्ये प्रयोग करून पुढील वर्षी तो कायम केला. ज्या शहरात व्हिक्री यांचे आयुष्य गेले, त्या न्यूयॉर्कला मात्र ५ जानेवारी २०२५ ची वाट पाहावी लागली. त्या दिवसापासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारींना गर्दीच्या वेळी नऊ डॉलर द्यावे लागू लागले, आणि ती वसुली भुयारी रेल्वे व बससेवेसाठी राखली गेली.

ज्याला कामाची वेळ निवडता येत नाही, त्याने शुल्क का भरावे, हा आक्षेप जुनाच आहे आणि बिनतोड उत्तर त्याला अजून मिळालेले नाही. वसुलीतून स्वस्त आणि वेळेवर धावणारी बस मिळाली, तरच त्याची धार बोथट होते. भारतात फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीची इलेक्ट्रॉनिक ओळख ही व्हिक्री यांनी १९५९ मध्ये मांडलेली कल्पना येथे कोट्यवधी काचांवर चिकटली आहे. मात्र तो पथकर रस्त्याचा खर्च वसूल करतो; घड्याळाकडे तो पाहत नाही.