माधवराव शिंदे : दोन फुटी रुळांचा राजा

हवा काढून घेतलेल्या नळीतून ताशी हजार किलोमीटर वेगाने वाहन धावू शकेल, ही चर्चा महाराष्ट्रात 2018 मध्ये रंगली होती. मुंबई-पुणे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापणाऱ्या ‘हायपरलूप’साठी राज्य शासनाने करारही केला. 2023 च्या अखेरीस ती कंपनीच बंद पडली. अशा योजनांची व्यवहार्यता तपासताना वेगाचा आकडा आधी पाहावा, की जमीन, खर्च आणि प्रवासी, हा प्रश्न मात्र जुना आहे. ज्या उज्जैनला गोव्यातून महाकालाच्या दर्शनासाठी भाविक जातात, त्या नगरीवर राज्य केलेल्या एका मराठी नरेशाच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात. ते नरेश म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 रोजी झाला. वडील जयाजीराव 1886 मध्ये निवर्तले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. राज्यकारभार काही काळ मंडळाने पाहिला आणि 1894 मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले होते. दौलतरावांच्या काळात राजधानी ग्वाल्हेरला गेली. त्यामुळे संस्थानाचा एक भाग उत्तरेत, तर दुसरा दूर माळव्यात, आणि मध्ये इतरांचे मुलूख अशी स्थिती होती. एवढ्या विखुरलेल्या राज्याला जोडायचे कसे, ही चिंता त्यांना वारशानेच मिळाली.

रेल्वेची ओढही वारशाचीच. आग्रा-ग्वाल्हेर आणि इंदूर-नीमच या लोहमार्गांसाठी जयाजीरावांनी इंग्रज सरकारला मोठे कर्ज दिले होते. मुलाने मात्र स्वतःचीच रेल्वे उभारण्याचे मनावर घेतले. आरंभ हौसेचा होता. राजवाड्याच्या परिसरात अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ टाकून छोटी गाडी धावू लागली. इंजिन स्वतः चालवण्याचा महाराजांना छंद होता. जयविलास महालातील भोजनाच्या मेजावरून पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया नेणारी चांदीची विजेची आगगाडी आजही लोक कुतूहलाने पाहतात.

या हौसेला पुढे राज्योपयोगी वळण मिळाले. 1899 मध्ये ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरीकडे जाणारे मार्ग वाहतुकीस खुले झाले. पश्चिमेकडील फाटा 1909 मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचला. सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा हा मार्ग दोन फुटी रुळांच्या जगातील सर्वांत लांब मार्गांत गणला गेला.

दोन फूटच का, याचे उत्तर अभियांत्रिकीत आहे. रूळ अरुंद असले की वळणे तीव्र घेता येतात, भराव आणि खोदाई कमी लागते, पूल लहान चालतात आणि हलके रूळही पुरतात. विरळ वस्तीच्या प्रदेशात रुंद मार्गाचा खर्च वसूल होणे कठीण होते. त्याची किंमत वेगाने मोजावी लागली. गाडी संथ चाले आणि ग्वाल्हेरला मोठ्या रेल्वेत माल पुन्हा चढवावा लागे. परंतु तिथे तुलना बैलगाडीशी होती. शिवाय 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने माळव्यालाही ग्रासले होते. अशा वेळी धान्य गावापर्यंत पोहोचते की नाही, यावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

याउलट उदाहरण इंग्लंडचे. थोर अभियंता ब्रुनेल यांनी 1847 मध्ये रुळांमधील नळीतली हवा शोषून तिच्या दाबावर गाडी ओढण्याचा प्रयोग केला. गाड्या वेगाने धावल्याही. मात्र नळीवरील फट झाकणारी चामड्याची पट्टी टिकेना आणि वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. तत्त्व खरे होते, पण ते रोजच्या वापरात तगले नाही.

माधवरावांनाही अशाच एका धड्याला सामोरे जावे लागले. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर बांधलेले तिघरा धरण 1916 मध्ये पूर्ण झाले आणि पुढच्याच वर्षीच्या पावसाळ्यात फुटले. पाया वालुकाश्माचा होता. त्यात पाणी मुरले, दाब वाढला आणि बांध सरकला. खालच्या गावांत मोठी मनुष्यहानी झाली. रुळांच्या बाबतीत जमिनीचा कौल मानणाऱ्या राज्यात धरणाच्या वेळी तो पुरेसा घेतला गेला नाही. कर्तबगार राज्यकर्त्याच्या चरित्रातले हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही.

महाराजांचा आवाका मोठा होता. 1900 च्या चीन मोहिमेसाठी त्यांनी रुग्णालय-जहाज दिले आणि ते स्वतःही चीनला गेले. त्यांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातील. पुत्र जिवाजीराव त्यांचेच. उज्जैनकडेही माधवरावांचे लक्ष होते. क्षिप्रेकाठचा कालियादह महाल त्यांनी 1920 मध्ये दुरुस्त करून घेतला. सवाई जयसिंहांनी उभारलेल्या आणि मोडकळीस आलेल्या वेधशाळेचा 1923 मध्ये जीर्णोद्धार केला. पुढे तिचा कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी सांभाळला.

5 जून 1925 रोजी पॅरिस येथे माधवरावांचे निधन झाले, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. उज्जैनहून आगरला जाणारी छोटी रेल्वे त्यांच्या पश्चात, 1932 मध्ये सुरू झाली. रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि 1975 मध्ये ती बंद पडली. ग्वाल्हेर-श्योपूर गाडी 2020 पर्यंत धावत राहिली. आता तिथे रुंद मार्गाचे काम चालू आहे.

2028 च्या सिंहस्थासाठी उज्जैनला नव्या, वेगवान वाहनांच्या योजना आखल्या जात आहेत. त्यांतील प्रत्येकीला तेच दोन प्रश्न विचारावे लागतील: ही जमीन भार पेलेल का, आणि सामान्य प्रवाशाला तिकीट परवडेल का? माधवरावांच्या संथ गाडीने या प्रश्नांची उत्तरे दिली होती, म्हणूनच ती शंभरहून अधिक वर्षे चालली.