गंगाखेडचे तेरा दिवस

श्रीदत्तजयंतीचा सप्ताह बसला की देवळात गुरुचरित्राच्या पोथ्या उघडतात, पाळण्याची तयारी सुरू होते, मांडव भरून जातो. अशा गर्दीतही मागच्या खांबाला टेकून बसलेली एक-दोन माणसं दरवर्षी दिसतात. त्यांच्या घरातलं कोणी वर्षभरात गेलेलं असतं. घरी यंदा सण नाही, पण देवळात आल्याशिवाय राहवत नाही. माझी पत्नी गेली त्या वर्षी मीही त्याच खांबाशी बसलो होतो. हे चार शब्द त्या मंडळींसाठी लिहितो आहे.

अशा माणसाला पारायणात दोन ठिकाणी फार जड जातं. विसाव्या-एकविसाव्या अध्यायात शिरोळची माउली मुलाचं कलेवर कवटाळून औदुंबरापाशी आक्रोश करते आणि मूल जिवंत होतं. तिसाव्या अध्यायापासून माहूरच्या सावित्रीची कथा येते. तिचा पती गाणगापूरला पोचतो न पोचतो तोच प्राण सोडतो आणि श्रीगुरूंच्या कृपेने तोही उठून बसतो. ऐकणाऱ्यांचे हात जोडले जातात. पण ज्याचं माणूस नुकतंच गेलं, त्याच्या पोटात कालवतं. आपली भक्ती कुठे कमी पडली का, असं मनात येऊन जातं. माझ्याही आलं होतं.

त्या दिवसांत प. पू. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामीमहाराजांच्या चरित्राने मला आधार दिला. महाराजांचे चमत्कार आपण सगळेच सांगतो. मी सांगतोय तो भाग चमत्काराचा नाही.

महाराजांचा जन्म १८५४ साली कोकणातल्या माणगावचा. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. वेदाध्ययन झालं, भिक्षुकी सुरू झाली आणि एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. पुढे नृसिंहवाडीची ओढ लागली. १८८३ साली त्यांनी माणगावातच दत्तमंदिर उभं केलं. काही वर्षं तिथे लोकांची रीघ लागली. मग दत्तप्रभूंची आज्ञा झाली म्हणून १८८९ साली ते सगळं तिथेच ठेवून ते निघाले. गाव सुटलं, घर सुटलं, स्वतः उभं केलेलं देऊळ सुटलं. बरोबर फक्त अन्नपूर्णाबाई होत्या. या जोडप्याला एक मुलगा झाला, तोही मृतच जन्माला आला. आई होऊनही त्या माउलीची ओटी रिकामी राहिली. त्या तशाच पतीच्या मागून तीर्थं करत चालत राहिल्या.

फिरत फिरत दोघं गोदाकाठी गंगाखेडला आली. जनाबाईंचं जन्मगाव ते. तिथे अन्नपूर्णाबाईंना पटकी झाली. १८९१ साली, म्हणजे शके १८१३ च्या वैशाख वद्य चतुर्दशीला, त्यांनी देह ठेवला. सुमारे सोळा वर्षांचा संसार तिथे संपला.

आता इथे जरा थांबू या. श्रीगुरुचरित्र ज्यांनी द्विसाहस्रीच्या रूपाने संस्कृतात आणि सप्तशतीच्या रूपाने मराठीत आणलं, तेच हे महाराज. शिरोळचा मुलगा आणि सावित्रीचा पती त्यांच्याही लेखणीतून उठून बसले. पण गंगाखेडला त्यांच्या स्वतःच्या घरचं माणूस गेलं ते परत उठलं नाही. त्यांच्या भक्तीत काही उणं होतं असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? मग तुमच्या-माझ्या घरचं माणूस गेलं, ते आपल्या सेवेत खोट होती म्हणून गेलं, हा विचार मनातून काढून टाकायला हरकत नाही. मला तरी हा विचार निघाल्यावर पहिल्यांदा नीट झोप लागली.

महाराजांनी पुढे काय केलं, ते तर प्रत्येक घरात सांगण्याजोगं आहे. वैराग्य त्यांच्या अंगी आधीपासून होतं. संन्यासाकडे मन केव्हाचं लागलेलं होतं. त्यांना वाटेत अडवणारं आता कोणी उरलं नव्हतं. तरीही ते लगेच उठून गेले नाहीत. परक्या गावात, गोदावरीच्या काठी, त्यांनी पत्नीचे सगळे दिवस यथासांग केले. ते आटोपल्यावर चौदाव्या दिवशी संन्यास घेतला.

यातलं मर्म आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. संन्यास घेणारा शेंडी-जानवं टाकतो, आपलं स्वतःचं श्राद्ध करून मोकळा होतो. त्यानंतर त्याला सुतक नाही, श्राद्धपक्ष नाही. म्हणजे अन्नपूर्णाबाईंसाठी पती म्हणून तिलांजली द्यायला, पिंड ठेवायला महाराजांच्या हाती तेवढेच दिवस होते. ते त्यांनी पुरते दिले. ज्ञानी पुरुषानेही शोकाचे दिवस गाळले नाहीत.

आपल्याकडे मात्र समाचाराला येणारी माणसं दुसऱ्याच दिवशी सांगू लागतात, तुम्ही दत्तभक्त, तुम्ही रडायचं नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणारा आतल्या आत कोंडतो. शिरोळच्या माउलीला श्रीगुरूंनी मनसोक्त रडू दिलं, मग ब्रह्मचाऱ्याच्या रूपाने ज्ञान सांगितलं. हा क्रम आपणही पाळावा. आधी शेजारी बसावं, चहा करून द्यावा, गेलेल्याचं नाव काढू द्यावं. आत्मा अमर आहे हे सांगायला पुढे पुष्कळ वेळ असतो.

आणि चौदावा दिवस? तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, की घर खायला उठतं. सकाळी हात चुकून दुसऱ्या कपाकडे जातो. महाराज त्या दिवशी उज्जैनच्या वाटेला लागले. तिथे श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. मग बद्रिकेदार, हरिद्वार, द्वारका, ब्रह्मावर्त, तंजावर, पवनी, कुरुगड्डी असे तेवीस चातुर्मास झाले. बहुतेक प्रवास पायी, भिक्षा मागून. १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरला ते समाधिस्थ झाले. आपल्याला घर सोडून असं निघता येत नाही. आपला चौदावा दिवस घरातच उजाडतो. तरी त्या दिवसाला एखादा नेम लावून घेता येतो. स्नान, देवपूजा, पोथीचा एक अध्याय, संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाणं. दुःख त्याने संपत नाही, पण दिवस ढकलायला आधार मिळतो. मी अजून त्याच आधारावर चालतो आहे.

आणखी एक आठवण. १९०५ साली नृसिंहवाडीला महाराजांनी करुणात्रिपदी रचली. ती कोणा एकाच्या घरच्या दुःखावर लिहिलेली नाही, प्रभूंचा कोप शांत व्हावा म्हणून केलेली ती विनवणी आहे. पण त्यात देवापुढे हट्ट आहे, काकुळत आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या संन्याशाने आपल्याला देवापुढे रडायचे शब्द देऊन ठेवले आहेत. रोज संध्याकाळी देवळातून ते ऐकू येतात. मागच्या खांबाशी बसलेल्यांनी ते मोठ्याने म्हणावेत. आवाज मध्येच कापला तर कापू द्यावा.

आणि पुढे बसलेल्यांनी यंदा आरती झाल्यावर एकदा मागे वळून बघावं. तिथे कोणी बसलेलं असेल, तर प्रसादाचा द्रोण आधी तिकडे न्यावा.

श्रीगुरुदेव दत्त.