सायकलीच्या दुकानातून

बेळगाव हे शहर आज कर्नाटकात आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबई इलाख्यात मोडत असे. त्या काळी सायकल ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये निघून फार वर्षे लोटली नव्हती. नुसत्या दोन चाकांवर माणूस तोल सावरून बसतो, याचेच पुष्कळांना नवल वाटे. अशा दिवसांत बेळगावात दोघा भावांनी सायकलीचे दुकान घातले. त्यांपैकी धाकटे ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रे खोलून पाहावीत, हे त्यांचे दोन छंद. मुलाने चित्रकार व्हावे, हे वडिलांना पसंत नव्हते. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक विचित्र अडचण निघाली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट उमगत नसे. रंगकाम सुटले. तथापि रेखाटनावरील हात पक्का होता. तो यंत्रांचे आराखडे काढण्याकडे वळला, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

मुंबईत असतानाच, 1888 च्या सुमारास, त्यांना सायकलीचा नाद लागला. आपल्याला आवडली ती वस्तू गावच्या लोकांनाही आवडेल, असे त्यांनी ताडले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकीत. परंतु सायकल विकत घेणे निराळे आणि तिच्यावर बसणे निराळे! गिऱ्हाइकाला चालवता आली नाही, तर ती कोपऱ्यात पडून राहणार. म्हणून लक्ष्मणराव 15 रुपये घेऊन सायकल चालविण्यास शिकवीत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले.

सायकलीच्या धंद्यावर पोट भरले असते. पण त्यांना दुसऱ्याची यंत्रे विकण्यापेक्षा स्वतःची घडवायची होती. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग हाती घेतला लोखंडी नांगर.

हा नांगर कशासाठी? दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोल जातात. नांदेड-लातूरकडचे शेतकरी हे तण चांगलेच ओळखतात. लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा ढेकळे पालथी घालतो. मुळे वर येतात व उन्हाने वाळतात. फायदा असा उघड होता. तरी गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी समजूत होती. सायकल घेऊन पडले तर फार तर गुडघा फुटे. येथे तर वर्षाच्या भाकरीचा प्रश्न होता! शेतकऱ्याची भीती अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

जरा बस्तान बसते न बसते, तोच दुसरे संकट आले. नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. भट्ट्या व यंत्रे घेऊन जायचे कोठे? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. सापांना तोटा नव्हता. 1910 साली निवडुंग तोडून तेथे छपरे उभी राहिली. रामुअण्णा, शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही मंडळी कामाला भिडली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. त्या वस्तीत लक्ष्मणरावांनी शिवाशिवीला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले!

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंडही मिळेना. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. लढाईसाठी घडविलेले लोखंड अशा रीतीने शेतात गेले. पुढे कारखान्यात उसाचे चरक व पाणी उपसण्याचे पंपही होऊ लागले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले. बेळगावात ज्या रस्त्यावर त्यांचे सायकलीचे दुकान होते, तो रस्ता किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.