तोफेचा नांगर

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

हॉस्टेलवर रात्री दोनला 'एज ऑफ एम्पायर्स' खेळताना माझा फंडा ठरलेला असतो. आधी लोहाराची शाळा बांधायची. मग फोर्जिंग, आयर्न कास्टिंग, ब्लास्ट फर्नेस... एकेक क्लिक, की सैनिकांची ताकद वाढली! चिलखतांचंही तसंच. धातूंबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं. मग मटेरियल्सचा पेपर आला आणि कळलं की बिडात, म्हणजे आपल्या कास्ट आयर्नमध्ये, दोन टक्क्यांच्या वर कार्बन असतो. ते ओतायला सोपं पण ठिसूळ. बिडाची तलवार पहिल्याच घावाला मोडेल. म्हणजे गेममधलं आयर्न कास्टिंग ही चक्क थाप!

मग बिडाचं करायचं काय? याचं उत्तर मला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात सापडलं.

त्यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. झालं, चित्रकला संपली! पण रेषा हातात होत्या. ते मशीन ड्रॉइंगकडे वळले आणि व्ही.जे.टी.आय. मध्ये तोच विषय शिकवू लागले. (आपण ज्या विषयाला रडतो, तोच!) पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं. तिथे 1888 पासून भावाबरोबर सायकलचं दुकान होतंच.

सायकलींवरून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि तिथून लोखंडी नांगराकडे वळले. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन नासते. सुरुवातीचे नांगर विकायला दोन वर्षं लागली! आपण एका केटीत खचतो. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप यांनी भरलेलं. 1910 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला, आणि त्याबरोबर गाव, किर्लोस्करवाडी.

खरी गोष्ट पहिल्या महायुद्धातली आहे. 1914 ला युद्ध पेटलं आणि बाहेरून येणारं लोखंड मिळेनासं झालं. जगभरचं लोखंड तोफगोळ्यांकडे चाललं होतं. नांगर कशाचे करणार? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. जुन्या लोखंडी तोफा बहुधा बिडाच्याच. भट्टीत वितळवायच्या, वाळूच्या साच्यात रस ओतायचा, की नांगराचे भाग तयार. गेममध्ये सगळं लोखंड शस्त्राकडे जातं. या माणसाने ते उलटं फिरवलं. 26 सप्टेंबर 1956 ला ते गेले.

आता माझं. आमचं घर पनवेलजवळच्या कोनला. आजूबाजूच्या भातशेतीच्या जागी आता इमारती आणि गोदामं दिसतात. पडवीत आजोबांच्या लाकडी नांगराचा फाळ पडून होता. गेल्या दिवाळीत भंगारवाला आला, तेव्हा मी तो वजनकाट्यावर ठेवलासुद्धा. ग्राफिक्स कार्डात तेवढीच भर! आजी काही बोलली नाही. काट्यावरून फाळ उचलला आणि आत घेऊन गेली. मला राग आला होता. गंजलेल्या लोखंडाचं एवढं काय, असं वाटलं.

आता विचार करतो, लक्ष्मणरावांनीही जुनं लोखंड वितळवलंच की. तोफा म्हणजे तर इतिहास! पण त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांनी आधी ठरवलं होतं. मी फक्त किलोचा भाव विचारला होता.

या सुट्टीत फाळाचा गंज काढणार आहे. पुढचं आजीला विचारून.